मदत हवी आहे: बास्करव्हिल्सच्या कुत्र्याला नेमकं काय फासलं होतं?

रसायनशास्त्रातल्या जाणकारांनो, जरा मदत करा. (रहस्य उघड होतंय, कादंबरी वाचली नसेल तर इथेच थांबा.)

'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या शेरलॉक होम्सच्या कादंबरीत डार्टमूरच्या माळावर घराण्याच्या शापातला म्हणून जो कुत्रा दिसतो, त्याचं तोंड अंधारात चमकत असतं. वॉटसन हात लावतो तर त्याची बोटंही चमकायला लागतात. तो म्हणतो फॉस्फरस. होम्स हुंगून सांगतो की याला वास नाही, म्हणजे कुत्र्याला माग काढायला अडचण नाही.

माझं घोडं इथेच अडलंय. पांढरा फॉस्फरस दमट हवेत साधारण ३० अंश सेल्सिअसलाच पेट घेतो, कुत्र्याचं अंग तर त्याहून गरम. शिवाय लसणासारखा वास येतो आणि तो जहाल विषारी. कुत्रा जीभ फिरवल्याशिवाय राहील का?

कादंबरी १९०१-०२मध्ये 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः आली. तेव्हा कॅल्शियम सल्फाइडचा चमकणारा रंग मिळत होता, बालमेनच्या नावाने १८७७चं पेटंट आहे. पण तो आधी उजेडात ठेवावा लागतो आणि हा कुत्रा तर दलदलीत लपवलेला.

तेलात विरघळवलेला अगदी थोडा फॉस्फरस न पेटता चमकेल का? त्याचा वास किती कमी होईल? कृपया सविस्तर सांगा.