मदत हवी आहे: सोसायटीचे फ्लडलाइट आणि टिटवीची अंडी

नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगाल तर बरं होईल, रविवारी मीटिंग आहे.

आम्ही पवई तलावाजवळ राहतो. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे मुरमाची मोकळी पट्टी आणि मग पाणी. तिथे टिटवीने चार अंडी घातलीत, घरटं म्हणजे नुसता खळगा नि भोवती खडे, अंडी इतकी मातकट ठिपक्याठिपक्यांची की समोर असून दिसत नाहीत. नरमादी आळीपाळीने बसतात.

गेल्या महिन्यात बाईक चोरीला गेली म्हणून कमिटीने भिंतीवर तीन पांढरे एलईडी फ्लडलाइट लावले, आणि त्यांची तोंडं पार्किंगकडे नाही तर पाण्याकडे! तेव्हापासून टिटव्या रात्रभर ओरडतात. काल रात्री दोनला गॅलरीतून बघितलं तर एक मांजर उजेडाच्या कडेला दबा धरून बसलेलं आणि टिटवी अंडी उघडी टाकून त्याच्यावर झेपावत होती, मला परत झोपच लागली नाही. अंधारात ती गप्प बसून राहिली की कुणाला सापडत नाही, तो अंधारच आपण काढून घेतलाय.

विषय काढला तर एक काका म्हणाले टिटवी रात्री ओरडणं अशुभ, गेलेली बरी. अहो पण ती ओरडतेय आपल्या दिव्यांमुळे! सेफ्टी मलाही हवीच आहे, बाईक आमच्याच विंगमधली होती.

वाचलंय त्यावरून निळसर पांढऱ्या उजेडाने पक्ष्यांचं मेलाटोनिन (रात्री शरीरात तयार होणारं झोपेचं हार्मोन) कमी होतं, झोप मोडते, शिवाय किडे दिव्यांकडे ओढले जातात. 2700 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर दिवा, तोंड खाली, वरून झाकण, असं सुचवतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांच्या अंडी-घरट्यांना त्रास देणं शिकारीतच धरलंय, पण शेजाऱ्यांना कायदा दाखवून भांडण नकोय मला.

तर विचारायचं होतं, आहे त्याच फ्लडलाइटला पत्र्याची झापड लावून, तोंड आत वळवून भागतं का, की दिवेच बदलावे लागतात? मोशन सेन्सर बसवला तर मांजर फिरलं की दिवा भपकन लागणार, ते अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याला जास्त वाईट का? कुणी आपल्या कमिटीला हे पटवलं असेल तर काय बोललात ते प्लीज सांगा. पिल्लं निघायला साधारण चार आठवडे लागतात, मला अंडी दिसून दहा दिवस झालेत, म्हणजे निदान पिल्लं निघेपर्यंतचे उरलेले दिवस तरी रात्री अकरानंतर पाण्याकडचे दिवे बंद ठेवा असं मागणार आहे.