मदत हवी आहे : इंडक्शन हार्डन केलेला 20 मिमीचा रॉड कापणे आणि टोके टर्न करणे

नमस्कार.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे लहान वर्कशॉप आहे. त्यात साधे लेथ आणि एक बँडसॉ आहे. द्राक्षांच्या पेट्या बंद करणाऱ्या यंत्रासाठी गाइड रॉड तयार करण्याचे काम आले आहे. रॉड 20 मिमी व्यासाचा, एन-31 पोलादाचा, इंडक्शन हार्डन करून (विद्युत-प्रेरणेने तापवून फक्त वरचा थर कठीण करून) ग्राइंड केलेला आहे. पृष्ठभाग सुमारे 60 एचआरसी (रॉकवेल कठीणपणाचे माप) आणि कठीण थर सुमारे 2 मिमी खोल, असे पुरवठादाराच्या प्रमाणपत्रात नमूद आहे. गाभा मऊच आहे. लांबी 600 मिमी ठेवून दोन्ही टोके 30 मिमीपर्यंत 12 मिमी व्यासाला उतरवायची आणि त्यांवर एम-12 चे आटे पाडायचे आहेत.

बँडसॉचा येथे उपयोग नाही, कारण ब्लेडचे दात रॉडच्या वरच्या थरापेक्षा फारसे कठीण नसल्याने ते कापण्याऐवजी घासत राहतात. पातळ कटिंग व्हीलने रॉड तुटतो, परंतु कापल्या जागेजवळ निळसर छटा येते, म्हणजेच तेथील तापमान 300 अंशांच्या आसपास गेलेले असते. याने रॉडचे नुकसान होईल का?

खरी अडचण टर्निंगची, म्हणजे लेथवर व्यास उतरवण्याची आहे. सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड, अतिकठीण पदार्थ) इन्सर्टसाठी, म्हणजे बदलता येणाऱ्या कापणाऱ्या टोकासाठी, मिनिटाला 100 मीटर किंवा अधिक वेग सुचवला जातो, आणि आमच्या लेथच्या कमाल 1,200 फेऱ्यांवर या व्यासाला जेमतेम 75 मीटर मिळतात. टोके गॅसने लाल करून चुन्यात सावकाश थंड करण्याचाही विचार आहे, मात्र रॉड वाकण्याची आणि बेअरिंग चालणारा भाग मऊ पडण्याची भीती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

निळसर छटेची चिंता नको, कारण बेअरिंग त्या टोकापर्यंत येत नाही आणि तो भाग आपण टर्न करणारच आहात. कापताना रॉड फिरवत राहावा, पाणी भरपूर सोडावे.

सीबीएन घेतलेच, तर ते फक्त वरच्या थरापुरते वापरावे. व्यास 16 मिमीच्या खाली गेला की मऊ गाभा लागतो, आणि मऊ पोलादात सीबीएनची धार उलट लवकर झिजते; तेथून पुढे नेहमीचे कार्बाइड लावावे. त्यापेक्षा मला टूल पोस्ट ग्राइंडरने (लेथवर हत्याराच्या जागी बसवायच्या ग्राइंडरने) कठीण थर काढून उरलेले काम कार्बाइडने करणे पटते. वेळ जास्त लागतो, पण जुन्या लेथवर धक्क्याने महागडे इन्सर्ट तुटण्याचा धोका राहत नाही. ग्राइंडिंगच्या वेळी लेथचे बेड झाकून घ्यावे.

गॅसचा मार्ग निवडल्यास मंद लाल रंगाच्या पुढे जाऊ नये. चुंबक चिकटायचे थांबले, म्हणजे सुमारे 770 अंश गाठले गेले, आणि त्यानंतर एन-31 हवेत लवकर थंड झाले तर ते पुन्हा कठीण होऊ शकते. बेअरिंगच्या बाजूला ओले कापड गुंडाळावे.

मात्र ग्राहकाला आधी एक विचारावे : बाहेरचे आटेच हवेत, की टोकाला प्लेट बोल्टने आवळलेली चालेल? चालत असेल तर टर्निंग पूर्णपणे टळते. टोक ग्राइंडरवर सपाट करून मऊ गाभ्यात 8.5 मिमीचे भोक पाडावे आणि एम-10 चा टॅप मारावा, म्हणजे आतून आटे पाडावेत. हे काम आपल्या लेथवर सहज होईल.