शब्दचर्चा : बुरशीला आम्लतेची 'चाहूल लागते' की ती आम्लता 'जोखते'?

प्रश्न
वनस्पतिरोगांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. आशय असा, की झाडाच्या ऊतींमधली आम्लता बुरशी ओळखते आणि त्याप्रमाणे वागते. मी 'संवेदन' आणि 'प्रतिसाद' लिहिलं, पण वाक्य कागदी वाटतंय. 'चाहूल लागते' चालेल का? आणि 'सामू वाढला' वाचून कुणी 'आम्लता वाढली' असं तर समजणार नाही ना?

प्रतिसाद
तुमच्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, घोळ तिथेच होतो. सामू (pH) म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, आणि तो वाढला म्हणजे आम्लता कमी झाली. सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली, तेव्हापासून ती अशी उलटीच चालते. शिवाय एकेका अंकामागे दहापट फरक : सामू ६ वरून ५ वर आला की आम्लता दहापट झाली. म्हणून एका परिच्छेदात एकच शब्द धरा.

'चाहूल' मला फार आवडतो, पण इथे नको. चाहूल येऊ घातलेल्याची लागते, पावलांची, पावसाची. बुरशी तर त्या आम्लातच बसलेली असते. मी 'जोखते' लिहीन. जोखण्यात अंदाज घेऊन पुढचं ठरवणं आलं, आणि घडतंही तसंच. बुरशीच्या पेशीपटलात पाल-एच नावाचं प्रथिन असतं, ते बाहेरचा सामू टिपतं. आत पॅक-सी नावाचं दुसरं प्रथिन असतं, एरवी स्वतःवरच दुमडून निष्क्रिय पडलेलं. बाहेरची आम्लता उतरली की त्याच्या शेपटाकडचा भाग छाटला जातो आणि उरलेला तुकडा केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करतो, काही बंद. ही साखळी उलगडली ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत, पण झाडांना रोग करणाऱ्या बुरश्यांतही ती आहे.

'प्रतिसाद' मात्र खरंच तोकडा पडतो. कोलेटोट्रायकम बुरशी ॲव्होकाडोच्या कच्च्या फळात सालीपाशी गप्प पडून असते. फळ पिकू लागलं की ती अमोनिया सोडून भोवतीचा सामू चढवते, आणि तो ६ च्या आसपास गेला की पेक्टिन (झाडाच्या पेशी सांधून ठेवणारा पदार्थ) तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बाहेर टाकते. स्क्लेरोटिनिया या बुरशीचं याच्या अगदी उलट. ती ऑक्झॅलिक आम्ल सोडून सामू ४ च्या आसपास खाली ओढते, कारण तिची पेक्टिन तोडणारी विकरं आम्लातच नीट चालतात. सफरचंद कुजवणारी पेनिसिलियम एक्स्पान्सम ग्लुकॉनिक आम्लाने तेच साधते. याला नुसता 'प्रतिसाद' म्हटलं तर बुरशीची निम्मी करामत शब्दातून गळून जाते. 'सामू जोखते आणि हवा तसा करून घेते' असं सरळ लिहा.

प्रश्नकर्तीचं उत्तर
'जोखते' चपखल बसलं, आभारी आहे. मग कोलेटोट्रायकमबद्दल 'ती फळ अल्कधर्मी करते' असं लिहू का? मूळ लेखात त्याच अर्थाचा शब्द आहे.

प्रतिसाद
सामू ७ च्या पुढे गेला असेल तरच. ५ वरून ६ वर आलेलं फळ अजून आम्लधर्मीच आहे, तिथे 'आम्लता उतरवते' म्हणा. मूळ शब्द दिशा सांगतो, आपला 'अल्कधर्मी' स्थिती सांगतो.

आणखी एक प्रतिसाद
यात भर : 'क्षारधर्मी' कटाक्षाने टाळा. आयुर्वेदात क्षार म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ, पण शाळेच्या रसायनशास्त्रात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून होतो तो क्षार, म्हणजे मीठ. दोन्ही वाचक दोन वेगळे अर्थ घेतील. बुरशी जिच्यावर वाढते त्या झाडासाठी 'यजमान वनस्पती' रूढ आहे, राहू द्या, जरी यजमान आपणहून पाहुण्याला बोलावतो आणि झाडाने बुरशीला बोलावलेलं नसतं.