शिकागोत फुकट काही ऐकायला मिळत नाही, हे कोणी ठरवलं?

नेपरविलकर:
परवा इथे मूळ पुणेकरने लिहिलं, "आठ वर्षं झाली, शिकागोत कल्चर म्हणून काही नाही. उन्हाळ्यात लोलापलूझाचा रॉक महोत्सव, डिसेंबरात जर्मन बाजार, दोन्हीकडे खिसा रिकामा. गाणं ऐकायचं असेल तर विमानाचं तिकीट काढा." आणि खाली धडाधड लाइक्स. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

अरे बाबा, लोलापलूझा चार दिवस असतो. बाकीच्या उन्हाळ्याचं काय? ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल १९३५ पासून फुकट चालू आहे. मंदीच्या काळात लोकांकडे पैसे नव्हते तेव्हा सुरू झालेला, आणि आजही मिलेनियम पार्कात अख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजतो, तू हिरवळीवर चादर टाक, डब्यातली पोळीभाजी खा, कोणी उठवत नाही. जूनमध्ये ब्लूज, लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) वीकेंडला जॅझ, तेही फुकट.

आणि सप्टेंबरात वर्ल्ड म्युझिक फेस्टिव्हलमधली रागमाला, आपल्या शास्त्रीय संगीताची रात्रभराची मैफल! कल्चरल सेंटरमध्ये संध्याकाळी सहाला सुरू होते ती सकाळी आठपर्यंत, सलग, एक पैसा न घेता. मी गेलो त्या वर्षी पहाटे पाचच्या सुमारास ललत, पहाटेचा राग, सुरू झाला. निम्मे लोक भिंतीला टेकून डुलक्या घेत होते, माझ्या शेजारी एक गोरी आजी बूट काढून मांडी घालून बसली होती. वर टिफनीचा काचेचा घुमट आहे, अडतीस फुटी, तीस हजार काचेचे तुकडे. रात्रभर तो काळा होता, आणि ललतातले दोन्ही मध्यम, शुद्ध आणि तीव्र, लागून लागून अंगावर काटा आलेला असताना तो घुमट हळूहळू हिरवट उजळायला लागला. आता मला सांगा, पुण्यात सवाई पहाटेपर्यंत शेवटचं कधी ऐकलंत? रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद या नियमानंतर उघड्या मैदानावरची ती रात्र संपली. आणि ते तिकीट काढूनच ऐकता ना?

औरोराची_आई:
फुकट फुकट काय लावलंय. आम्ही चौघं आणि सासूबाई गाडी घेऊन डाउनटाउनला गेलो, पार्किंग गॅरेजचे जे पैसे गेले त्यात देवळात वर्षभराचे अभिषेक झाले असते. शेवटी अर्धा तास ऐकून परत, कारण धाकटा रडायला लागला. हे सगळं सिंगल लोकांसाठी ठीक आहे.

नेपरविलकर:
ताई, मेट्रा, आपली उपनगरी ट्रेन, आहे की. गाडी कशाला नेता?

औरोराची_आई:
सासूबाई व्हीलचेअरवर आहेत. युनियन स्टेशनपासून मिलेनियम पार्क मैलभर आहे. तुम्ही ढकलत नेणार का?

ट्रॅफिकत्रस्त:
पार्किंगचा विषय निघालाच आहे तर नीट निघू दे. शहराने २००८ च्या शेवटी सगळे मीटर, छत्तीस हजार, एका खासगी कंपनीला पंचाहत्तर वर्षांसाठी देऊन टाकले, साधारण १.१५ अब्ज डॉलरला. पुढच्याच वर्षी शहराच्या इन्स्पेक्टर जनरलने (पोलिसातला नाही, शहराचा कारभार तपासणारा) सांगितलं की जवळजवळ एक अब्ज कमी घेतले. तोवर आलेले पैसे खर्चायलाही सुरुवात झालेली! आणि फेस्टिव्हलवाल्यांनी हे ऐका: कुठल्याही स्ट्रीट फेस्टला रस्ता बंद केला की तिथल्या मीटरचं नुकसान शहराने कंपनीला भरून द्यायचं. म्हणजे रस्त्यावर कोणी ढोल वाजवला तरी आपल्या करातून कंपनीला पैसे. २०८४ पर्यंत! माझी मुलगी तेव्हा आजी झालेली असेल.

जुना_शिकागोवाला:
मी १९८९ पासून इथे आहे. तुम्ही मीटरवर भांडताय, मला टेस्ट ऑफ शिकागोचं, त्या खाण्याच्या जत्रेचं, वाईट वाटतं. दहा दिवस असायचं, चार जुलैच्या आसपास. तीन जुलैच्या रात्री पार्कात ऑर्केस्ट्रा, त्यात चायकोव्हस्कीच्या त्या '१८१२' ओव्हर्चरच्या तोफा, वर फटाके, आणि आम्ही मुलांना खांद्यावर घेऊन उभे. २०१२ ला पाच दिवसांवर आणलं. मग २०२३ पासून तीन वर्षं जुलैत त्याच ग्रँट पार्कात नॅसकारच्या रेसच्या गाड्या पळवल्या आणि टेस्ट गेलं सप्टेंबरात, तीन दिवस. ज्याला हे कल्चर म्हणायचं त्याने म्हणावं. नेपरविलकर, तुझ्या यादीत जे आहे ते उरलंसुरलं आहे.

नेपरविलकर:
काका, उरलंसुरलं म्हणू नका. जे दरवर्षी फुकट होतंय त्याला आपली माणसंच जात नाहीत हा माझा मुद्दा आहे.

ट्रॅफिकत्रस्त:
कशी जाणार? पार्किंग!!

मूळ पुणेकर:
मी आत्ता वाचलं हे सगळं. माझं नाव घेऊन धागा काढायचा असेल तर आधी मेसेज करायचा होता, ही पद्धत झाली नाही. आणि सवाईवर बोलू नका. माझ्या बाबांनी मला सातवीत खांद्यावर शाल टाकून नेलं होतं, भारतीय बैठकीवर पाय आखडून बसलो होतो, समोरून भीमसेनजी गेले तेव्हा सगळा मांडव उठून उभा राहिला. १९५३ पासून आपल्या गुरूच्या नावाने त्यांनी चालवलेलं ते. बाबा आता नाहीत. मला इथे तसं काही दिसलं नाही म्हणून लिहिलं. यात तुम्हाला झोंबण्यासारखं काय होतं?

नेपरविलकर:
झोंबलं ते "काही नाही" या शब्दांनी. जे लोक रात्रभर जागून ते उभं करतात त्यांचा अपमान आहे तो. बाबांचं माहीत नव्हतं. मेसेज करायला हवा होता, मान्य.

औरोराची_आई:
कल्चरल सेंटरमध्ये लिफ्ट आहे का?

नेपरविलकर:
आहे ताई. सासूबाईंना संध्याकाळच्या पहिल्या दोन तासांना आणा, पूर्वी-मारवा असे संध्याकाळचे राग असतील. तेवढ्यासाठी गॅरेजचे पैसे घाला, मी वाद घालत नाही.

ट्रॅफिकत्रस्त:
त्यापेक्षा रोझमाँटला गाडी लावा, तिथे ट्रेनवाल्यांसाठी पार्किंग आहे, आणि ब्लू लाइनने वॉशिंग्टनला उतरा. ब्लू लाइन रात्रभर चालते, मेट्रासारखी मध्यरात्रीनंतर बंद होत नाही. पण वॉशिंग्टनला लिफ्ट आहे का ते आधी तपासा. मी हे फक्त मीटरवाल्यांना पैसे मिळू नयेत म्हणून सांगतोय.

जुना_शिकागोवाला:
मला ब्लूज फेस्टिव्हल मिलेनियम पार्कात नेलेलंही आवडलं नव्हतं. ग्रँट पार्कातली मजा वेगळी. असो.

मूळ पुणेकर:
रात्रभर म्हणजे खरंच सकाळचे राग सकाळी? ललत पहाटे?

नेपरविलकर:
हो. तोडी ऐकून बाहेर पडलो तेव्हा मिशिगन अव्हेन्यूवर लोक कॉफीचे कप घेऊन ऑफिसला चालले होते.

मूळ पुणेकर:
जाईन एकदा. सवाईशी तुलना मात्र बंद करा.

नेपरविलकर:
तुलना तू सुरू केलीस. रोझमाँटला पाचला भेट, एकत्र जाऊ. शाल आण, हॉलमध्ये एसी जोरात असतो.