व्याकरणाच्या प्रश्नात अनोळखी इंग्रजी वाक्प्रचार आला तर काय करावं?

नमस्कार. माझी भाची खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सध्या आमच्याकडे बेळगावच्या शहापूरला राहून एसएससीच्या (केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाच्या) सीएचएसएल, म्हणजे बारावी पातळीवरच्या नोकरभरती परीक्षेची तयारी करते आहे. टिअर १ ला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, ६० मिनिटांत १०० प्रश्न. त्यातले २५ इंग्रजीचे, प्रत्येकी २ गुण, चुकलं की अर्धा गुण वजा. एका प्रश्नावर अडून बसायला वेळच नसतो.

वाक्प्रचाराचा नुसता अर्थ विचारला तर ती सांगते. घोळ होतो 'चूक ओळखा' प्रकारात. सराव पेपरात असं वाक्य होतं: 'हिज रिपीटेड अटेम्प्ट्स / टू बरी द हॅचेट / हॅज फेल्ड / नो एरर'. हॅचेट म्हणजे कुऱ्हाड हे तिला माहीत. कुऱ्हाड कशाला कोण पुरेल, म्हणून तिने मधल्याच तुकड्यावर खूण केली. चूक होती 'हॅज'मध्ये. कर्ता 'अटेम्प्ट्स', म्हणजे 'हॅव' हवं. हा नियम तिला झोपेतून उठवून विचारला तरी येतो हो!

क्लासमध्ये सर कन्नडमधून समजावतात. तिला कन्नड नीट कळतं, तो प्रश्न नाही. घरचं पुस्तक मराठी, त्यात 'अ ड्रॉप इन द ओशन'पुढे 'दर्यामें खसखस' एवढंच दिलंय. अर्थ पक्का बसतो, पण पेपरात 'इन'च्या जागी 'ऑफ' घातलं तर ते कसं पकडायचं?

वाक्प्रचार माहीतच नसेल तर बाकीचं वाक्य कसं तपासावं? आणि चूक वाक्प्रचाराच्या आतच असली तर? सीमाभागात मराठीतून शिकून या परीक्षा दिलेल्यांनी कृपया सांगा. पोरगी फार कष्टाळू आहे, एवढ्यासाठी मागे पडू नये.

उत्तर:
ताई, मी निपाणीचा, मराठी शाळेतलाच. भाचीला सांगा, वाक्य वाचताना आधी कर्ता आणि त्याचं मुख्य क्रियापद शोध. मधला न कळलेला तुकडा नजरेआड केला की उरतं 'हिज रिपीटेड अटेम्प्ट्स हॅज फेल्ड'. चूक लगेच दिसते. मग काळ बघायचा, मग 'अ' आणि 'द'. हे सगळं स्वच्छ निघालं तरच वाक्प्रचारावर संशय घ्यायचा.

आतली चूक बहुतेक वेळा बारक्या शब्दात असते. 'इन द निक ऑफ टाइम'मध्ये जादा 'द' घुसवतात, 'ॲट द इलेव्हन्थ अवर'चं 'इन' करतात, 'टर्न अ डेफ इअर'मधला 'अ' खातात. वाक्प्रचारातलं क्रियापद मात्र काळानुसार बदलतं. 'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड'चं 'लेफ्ट' झालं तर ती चूक नव्हे, पुढचे शब्द तसेच राहायला हवेत. म्हणून वहीत अर्थासोबत अख्खं इंग्रजी वाक्य लिहायला लावा आणि ते मोठ्याने वाचू दे. कानाला सवय झाली की गाळलेला 'अ' खटकतो.

'बरी द हॅचेट' म्हणजे वैर मिटवणं. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी तह करताना शस्त्रं खरंच जमिनीत पुरायचे. अशी गोष्ट कळली की पाठ करावं लागत नाही.

चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले तर तिने उरलेल्यांतल्या एकावर खूण करावी. बरोबर आलं तर २ गुण, चुकलं तर अर्धाच जातो.