पेपर तोंडावर आलेत, वाचलेलं काही लक्षातच राहत नाहीये

फायनलचे पेपर जवळ आलेत, नोट्स वाचून वाचून पानं हायलायटरने पिवळी झालीत पण वही मिटली की सगळं कोरं. रात्री उशिरापर्यंत बसतो, सकाळी डोकं जड, मग बसायची इच्छाच होत नाही. तुम्ही कसं करता?

प्रतिसाद १: आधी नुसतं वाचणं बंद कर. परत परत वाचलं की ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा भास होतो, पेपरात मात्र कोऱ्या पानावर आठवून लिहायचं असतं, मग सरावही तसाच हवा ना. एक टॉपिक वाच, वही मिट, आठवेल तेवढं लिही, सुटलेलं लाल पेनने भर. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच दाखवलं, परत वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात होतं.

प्रतिसाद २: सहमत, पण झोप कापू नकोस रे, वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच. ७ तास तरी झोप. आणि संध्याकाळची कॉफी बंद, त्यातलं निम्मं कॅफिन ५-६ तासांनीही अंगात असतं.

प्रतिसाद ३: इच्छा होण्याची वाट बघू नका, २५ मिनिटांचा टायमर लावा, फोन दुसऱ्या खोलीत, बसलं की लागतं मन. जेवण जात नसेल, सतत धडधडत असेल तर मात्र काउन्सेलरशी नक्की बोला.

प्रश्नकर्ता: आत्ताच एक टॉपिक लिहून बघितला, जवळजवळ सगळं पान लाल!

प्रतिसाद १: होणारच. परवा तोच परत लिही.