१९९४ चा अर्धवट सीझन आपण पूर्ण केला, पण बॅगवेलला खेळवायला हवं होतं का?

डावखुरा:
आपल्या लीगचा सीझन या रविवारी संपला. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: १२ ऑगस्ट १९९४ ला अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे खेळाडू संपावर गेले. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी होती, खेळाडू संघटनेला ती मान्य नव्हती. १४ सप्टेंबरला उरलेला सीझन रद्द झाला आणि त्याबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिकाही. दोन महायुद्धांतही जी थांबली नव्हती, ती त्या वर्षी झालीच नाही. आपण संपाच्या आदल्या रात्रीचा खरा गुणतक्ता घेतला आणि पुढचे सगळे सामने स्ट्रॅट-ओ-मॅटिक या टेबलावरच्या बेसबॉल खेळात, खेळाडूंच्या खऱ्या आकड्यांवरून बनलेल्या कार्डांवर, फासे टाकून खेळलो.

माँट्रियल एक्स्पोज ७४-४० (विजय-पराभव) वर होते, अटलांटाच्या सहा सामने पुढे. ती आघाडी त्यांनी टिकवली आणि सिरीजमध्ये यांकीजना हरवलं. मॅट विल्यम्स ४३ होमरनवर (चेंडू थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) थांबला होता; रॉजर मॅरिसच्या ६१ च्या तेव्हाच्या विक्रमापर्यंत तो आपल्याकडेही पोचला नाही. टोनी ग्विनचं मात्र वाईट वाटलं. ४१९ ॲट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधी) १६५ हिट (यशस्वी फटके), सरासरी ०.३९४. तेवढ्याच ॲट-बॅटमध्ये आणखी तीन हिट पडले असते, तर १९४१ च्या टेड विल्यम्सनंतर ०.४०० गाठणारा तो पहिलाच ठरला असता. आपल्या लीगमध्ये सप्टेंबरात त्याची सरासरी घसरली.

माझा आक्षेप नॅशनल लीगच्या (मेजर लीगचा अर्धा भाग; दुसरा अमेरिकन लीग) सेंट्रल विभागाबद्दल आहे. सिनसिनाटी ६६-४८, ह्यूस्टन ६६-४९. फरक अर्ध्या सामन्याचा. आपल्याकडे ह्यूस्टनने विभाग जिंकला तो एका सामन्याने, आणि शेवटच्या दिवशीचा निर्णायक होमरन ह्यूस्टनच्या जेफ बॅगवेलच्या कार्डावर आला. पण १० ऑगस्टला पिचर (चेंडू टाकणारा) अँडी बेनीसचा चेंडू लागून बॅगवेलच्या डाव्या हाताचं हाड मोडलं होतं. संपाच्या दोन दिवस आधी! ११ ऑगस्टचा गुणतक्ता आपण खरा मानतो, मग १० ऑगस्टचा मोडलेला हात का नाही? सिनसिनाटीवर हा अन्याय झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

ह्यूस्टनचा कारभारी:
संघ माझा होता, म्हणून उत्तर देतो. नियम सुरुवातीलाच ठरले होते: दुखापत फाशांवर. कार्डावर त्यासाठी जागा आहे, फासा तिथे पडला की खेळाडू बाहेर. हा नियम अठ्ठावीसही संघांना एकसारखा लागू होता. सीझन संपल्यावर, निकाल हाती आल्यावर एकाच खेळाडूसाठी वेगळा न्याय मागायचा हे मला पटत नाही.

आणि बॅगवेल फक्त ११० सामने खेळला, त्यात ०.३६८ सरासरी, ३९ होमरन, ११६ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर निघालेल्या धावा). एकमताने एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्या माणसाचा सप्टेंबर पाहायचा म्हणून तर मी हा संघ घेतला. संपाने जे हिरावून घेतलं ते निदान टेबलावर बघू द्या की.

तिसरा बेस:
डावखुरा यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. मुद्दा कार्डाचा आहे. एक फासा ठरवतो की निकाल बॅटरच्या कार्डावरून घ्यायचा की पिचरच्या; उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यातली ओळ दाखवते. म्हणजे साधारण निम्मा खेळ बॅटरच्या कार्डावर चालतो. आता हे कार्ड कशावरून बनलं? एप्रिल ते ऑगस्टच्या आकड्यांवरून. माणूस थकतो, पिचर त्याची कमजोरी हेरतात, सप्टेंबरात सरासरी खाली येते. कार्ड थकत नाही. ०.३६८ चं कार्ड शेवटच्या दिवशीही ०.३६८ चंच राहतं. त्यात हातही धडधाकट धरला, तर ह्यूस्टनला दुहेरी फायदा झाला.

ह्यूस्टनचा कारभारी:
हाच हिशेब अटलांटाचा पिचर मॅडक्सच्या १.५६ इआरएलाही (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी) लावा. त्याचं कार्ड थकलं का? ते तर माझ्याच बॅटरांविरुद्ध वापरलं गेलं. सगळ्यांचीच कार्डं सारखी गरम असतील तर फायदा एकट्या ह्यूस्टनचा कसा?

माँट्रियलवासी:
मी इथे राहतो, त्यामुळे माझा जीव एक्स्पोजमध्ये अडकलाय. संप मिटल्यावर एप्रिल १९९५ मध्ये मालकांनी वेटलँड, केन हिल, मार्क्विस ग्रिसम यांना दुसऱ्या संघांना देऊन टाकलं, लॅरी वॉकर कोलोरॅडोला गेला. २००५ मध्ये अख्खा संघच वॉशिंग्टनला हलला. मॅनेजर फेलिपे अलूच्या त्या संघाला फाशांवर का होईना सिरीज मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच ती निर्विवाद असायला हवी. प्लेऑफमध्ये आम्ही ह्यूस्टनला हरवलं. उद्या कोणी म्हणेल, तिथे सिनसिनाटी असायला हवी होती. मग आमच्या विजेतेपदालाही बट्टा लागतो.

गुणपत्रक:
दुखापत मोजायची म्हणता, पण किती दिवस? संपामुळे तो कधी परतला असता हे कळलंच नाही. मात्र १९९५ मध्ये त्याच हाताला पुन्हा चेंडू लागला, हाड मोडलं, तेव्हा तो साधारण महिनाभर बाहेर होता. तोच अंदाज धरला तर १९९४ मध्ये सप्टेंबरच्या मध्याला तो परत आला असता. सीझन २ ऑक्टोबरपर्यंत होता. म्हणजे डावखुरा ज्या होमरनवर चिडलेत, तो मारायला बॅगवेल मैदानात असूच शकला असता!

डावखुरा:
गुणपत्रक, तुमचा महिनाभराचा हिशेब मला मान्य आहे. पण मग तो महिना बॅगवेलशिवाय खेळायला हवा होता ना? त्या महिन्यात ह्यूस्टनने दोन सामने जरी जास्त हरले असते, तरी शेवटच्या दिवसापर्यंत चुरस उरलीच नसती.

कारभारी, फाशांचा नियम मी मोडा म्हणत नाही. १२ ऑगस्टनंतर कोणाचं काय होईल ते फाशांनीच ठरवावं. बॅगवेलचा हात त्याआधी मोडला, तो आपल्या फाशांच्या हद्दीतच येत नाही.

ह्यूस्टनचा कारभारी:
मग त्या रात्री अठ्ठावीस संघांत जे जे जायबंदी होते, त्या सगळ्यांची यादी काढा. सिनसिनाटीचीही. ती यादी समोर आली, सगळ्यांना सारखी लागली, तर बॅगवेलला महिनाभर बसवून ते सामने पुन्हा खेळायला मी तयार आहे. एकट्या बॅगवेलच्या नावाची यादी मात्र मी मानणार नाही.

तिसरा बेस:
अमेरिकन लीगची यादी मी करतो. त्या वेळच्या वर्तमानपत्रांतले बॉक्स स्कोअर (सामन्याचे खेळाडूवार तक्ते) बघून शेवटच्या आठवड्यात कोण मैदानाबाहेर होतं ते काढता येईल. नॅशनल लीग कोण घेतंय?